आकडा आला कुठून?

मी कवी माणूस. गझलेच्या मात्रा मोजण्यापुरताच याचा आकड्यांशी संबंध, असं लोकांना वाटतं. तरीही, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्र कशाला, या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरच सापडतं.

समजा, १० होड्या आल्या. ९ जणांना प्रत्येकी २ हजारांची मासळी मिळाली आणि दहाव्या पर्ससीनवाल्याला ८२ हजारांची. सरासरी निघाली १० हजार. कागदावर सारा किनारा सुखी! पण कमाईच्या क्रमाने लावून मधली होडी पाहिली, तर आकडा २ हजारच. याला मध्यक म्हणतात. मदत सरासरी बघून ठरली, तर रापणकराच्या हाती काय लागेल?

मुळात मासळीचा आकडा येतो कुठून? रोज प्रत्येक होडी मोजणं अशक्य. म्हणून काही बंदरं, काही दिवस, काही होड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडायच्या आणि त्यांवरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधायचा. या पद्धतीवर १९५८ साली निबंध लिहिणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते.

हेच सुखात्मे पुढे एका मोठ्या वादात उतरले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दरडोई रोज २,२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च, ही त्यांची रेषा. सुखात्मे म्हणाले, निरोगी माणसांची गरजसुद्धा सारखी नसते. एकाच माणसाचा आहारही रोज बदलतो. मग सरासरीलाच रेषा मानलं, तर धडधाकट माणसंही उपाशी ठरतील. भुकेले किती, हे ठरवणारा हा वाद संख्याशास्त्राशिवाय समजतच नाही.

आणि आपण शिकवतो काय? पुष्कळ ठिकाणी सूत्र पाठ करा, गणित सोडवा, पेपर द्या. आकडा कुणी गोळा केला, कुणाला वगळलं, हे विचारायला कोण शिकवतं? माझं म्हणणं साधं आहे. सूत्रं हवीतच, पण त्याबरोबर मुलांना एक सकाळ मासळीच्या लिलावाला पाठवा. त्यांनी स्वतः होड्या निवडाव्यात, वजन नि भाव टिपावेत, सरासरी आणि मध्यक दोन्ही काढावेत. यातलीच काही मुलं उद्या सरकारी कचेरीत बसतील. त्यांच्या टेबलावरच्या कागदात ती नऊ माणसं दिसतात की नाही, ते इथेच ठरणार आहे.