पंधरा दिवस आणि एक पोच

दर फेब्रुवारीत ओळखीतला कुणी ना कुणी नोकरदार पगाराची पावती पुढे धरून विचारतो, व्यवसाय कर एरवी दोनशे, मग या महिन्यात तीनशे का? हिशेब सोपा आहे. वर्षाचे २,५०० रुपये, म्हणजे अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. हा कर मुळात बसवला कशासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. मी आपण होऊन सांगायला लागलो की समोरचा घड्याळ बघतो. दिवाळी अंकाच्या वाचकाचं बरं असतं, हातात चकली असेपर्यंत तो कुठे जात नाही. म्हणून या वर्षी संपादकांनी 'महाराष्ट्राच्या एखाद्या नेत्यावर सविस्तर लिहा' म्हटल्यावर मी क्षणभरही विचार केला नाही. त्यांना बहुधा यशवंतराव किंवा वसंतदादा अपेक्षित असावेत. मी वि. स. पागे दिले.

विठ्ठल सखाराम पागे. जन्म १९१०, गाव वाळवा तालुक्यातलं बागणी. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता, आज सांगलीत आहे. वकिली, स्वातंत्र्यलढा, तुरुंगवास, काँग्रेस. त्या पट्ट्यातल्या त्या पिढीच्या शंभर माणसांची चरित्रं इथपर्यंत सारखीच निघतील, आणि स्मरणिकांमधून ती इतक्यांदा छापून झाली आहेत की मी त्यावर शाई घालवत नाही. एवढंच लक्षात ठेवावं, की क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने धगधगलेल्या भागातून हा माणूस आला, पण त्याची प्रकृती वकिलाची होती. बंदुकीपेक्षा कलम आणि पोटकलम यांवर त्याचा भरवसा जास्त.

१९६० ते १९७८, अशी सलग अठरा वर्षं पागे विधान परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे सभागृहातला असा एकच माणूस, की ज्याने इतरांना बोलू द्यायचं आणि स्वतः वादात पडायचं नाही. त्यांच्यानंतर रा. सू. गवई आले, मग जयंतराव टिळक. त्या खुर्चीची एक परंपरा होती आणि पाग्यांनी ती घडवली, असं जुने लोक सांगत. त्यांनी दिलेले निर्णय, सदस्यांना लावलेली शिस्त, दोन सभागृहांमधले मानापमान हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. तो लेख मी लिहिणार नाही, कारण त्या विषयात मला पूर्वीही गोडी नव्हती. ज्याने खुर्चीवरून स्वतःचं मत मांडायचं नाही, त्याच्या डोक्यातून राज्यातला सर्वांत जास्त बोलला गेलेला कायदा, रोजगार हमीचा, निघाला. मला गोडी आहे ती यात.

आता भांडणाकडे येतो. आमच्या अभ्यासू मित्रांमध्ये दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळाने जन्माला घातली. दुसरी त्याहून शहाणी आहे. तिच्या मते अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर पुस्तक लिहून सार्वजनिक कामांचा उपाय सुचवला आणि सरकारने तो उचलला. दोन्ही चर्चासत्रांत शोभतात. पण तासगाव तालुक्यातल्या विसापूरला कधी गेलात का हो? विसापूर आणि आसपासच्या गावांत, एकूण अकरा गावांत, १९६५ साली हा प्रयोग सुरू झाला होता. म्हणजे पुस्तकाच्या सहा वर्षं आधी आणि दुष्काळाच्या सात वर्षं आधी. गावात काम मागणारे हात किती, गावाला हवी असलेली कामं कोणती, आणि या दोहोंची गाठ घालायला पैसा किती, एवढं साधं गणित पाग्यांनी तिथे मांडलं. ते तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापर्यंत गेलं. १९६९च्या पंधरा कलमी कार्यक्रमात हमीचं कलम आलं. १ मे १९७२ला योजना राज्यभर जाहीर झाली.

आणि मग पावसाने डोळे वटारले. गंमत बघा, ज्या दुष्काळाने योजना जन्माला घातली म्हणतात, त्याच दुष्काळात ती बाजूला ठेवावी लागली. सरकारने सरसकट दुष्काळी कामं उघडली. मे १९७३मध्ये त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांतला एक मी. पाटी उचलायला नव्हे, मस्टर भरायला. कॉलेजच्या पोरांना हजेरी मांडायचं काम मिळे. आमच्याकडे एका खडीकेंद्राचं आणि पुढे एका पाझर तलावाचं मस्टर होतं. सकाळी नावं पुकारायची, ओव्हरसिअर मापं घ्यायला आला की फूटपट्टी धरायची, पगाराच्या दिवशी अंगठे घ्यायचे. दुपारी सुकडी यायची. पोरं ती मुठीने तोंडात कोंबत आणि खोकत हसत. घरोघरी लाल मिलोच्या, म्हणजे आयात ज्वारीच्या, भाकरी. त्या वासाची आजही कुणी आठवण काढली, तर माझ्या पिढीचा माणूस नाक मुरडतो.

मातीकामाचं माप चौकडीवर असे. खणताना चौकडीच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता ठेवायचा, म्हणजे जमीन आधी कुठवर होती ते कळतं. बायका त्या खांबावर हलकेच एकदोन पाट्या माती चढवून ठेवत, खोली जास्त भरावी म्हणून. ओव्हरसिअर ती पायाने उडवून लावी. मला त्या वयात ती चोरी वाटायची. चार आण्यांसाठी उन्हात चाललेला तो एक वाटाघाटीचा प्रकार होता, हे पुष्कळ नंतर समजलं. मजुरी मात्र मापावर असल्याने बाईचा दर आणि गड्याचा दर एकच होता. शेतावर हे कुणी ऐकून घेतलं नसतं.

दुष्काळ सरला तेव्हा पाग्यांचं खरं काम सुरू झालं. दुष्काळी काम ही सरकारची कृपा. सरकारच्या मनात असेल तोवर चालते आणि पाऊस पडला की बंद होते. पाग्यांना कृपा नको होती. राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात मागता येणार नाही अशा कप्प्यात. त्या कप्प्यातली गोष्ट काढून एका राज्याच्या कायद्यात बसवायची, हा त्यांचा ध्यास. आधी पैसा उभा केला. १९७५ साली, शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीत, व्यवसाय कर आला. त्याच्या जोडीला विक्रीकर, वाहनकर, ओलिताची जमीन यांवरचे अधिभार, आणि जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. मुंबईच्या ऑफिसात बसणाऱ्याच्या पगारातून माणदेशातल्या बांधाची मजुरी. मग १९७७मध्ये विधेयक. तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा होते आणि पागे अजून परिषदेच्या खुर्चीवर. दोन्ही सभागृहांत ते एकमताने संमत झालं. राष्ट्रपतींची संमती मिळून २६ जानेवारी १९७९ला कायदा अमलात आला, तोवर पुलोदचं सरकार येऊन शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. नाईक, चव्हाण, दादा, पवार. चौघांचं एकमेकांशी किती जमत होतं ते वाचकांना ठाऊक आहे. पण या एका बाबतीत एकाने मांडलेला डाव दुसऱ्याने उधळला नाही. हल्ली खातेबदल झाला तरी आधीच्या मंत्र्याच्या योजनेची पाटी उतरते.

एकमताचं श्रेय मी सगळं सद्भावनेला देत नाही. बागायतदाराला पाझर तलाव हवा होता, विहिरीला पाणी उतरेल म्हणून. डाव्यांना मजुराचा हक्क हवा होता. मुंबईकराला वाटलं, गावची माणसं गावातच राहिली तर बरं. प्रत्येकाने आपापली चकली उचलली. पाग्यांचं कसब असं, की ताट एकच ठेवलं.

या कायद्यातली माझी लाडकी जागा आता सांगतो. त्यासाठीच हा सगळा प्रपंच. लोक कामांबद्दल बोलतात. नालाबांध, रस्ते, बंडिंग, खड्डे. 'खड्डे खणायचे आणि बुजवायचे' हा टोमणा चाळीस वर्षं ऐकतोय. 'रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही' हेही ऐकतोय, आणि ते खोटं होतं असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. मस्टरवर मेलेल्या माणसांचे अंगठे मी पाहिलेत. पण कायद्याचा जीव कामात नाहीच. तो मागणीत आहे. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागायचं. मागितल्यापासून पंधरा दिवसांत सरकारने ते द्यायचं. नाही दिलं तर बेकारभत्ता, दिवसाला किमान एक रुपया. त्या एका रुपयावर विद्वानांनी यथेच्छ हसून घेतलं. त्यांना कळलं नाही, की रकमेला महत्त्व नव्हतं. पंधराव्या दिवशी सरकार देणेकरी होत होतं आणि मजूर येणेकरी.

आणि पंधरा दिवस मोजायला लागतात ते पोच मिळाल्यापासून. नमुना चारचा अर्ज दिला आणि त्याची तारीख घातलेली पोच घेतली, तर घड्याळ सुरू. पोचच दिली नाही तर पंधरावा दिवस कधी उगवतच नाही. हे कचेरीतल्या माणसाला आमदाराच्या आधी कळलं होतं. 'अर्ज ठेवून जा, बघू', 'शिक्का साहेबांकडे आहे', 'पन्नास माणसं जमवून आणा, मग बोलू'. ऐंशीच्या दशकात मी पत्रकारितेत आलो आणि मजुरांच्या मोर्च्यांबरोबर हिंडलो. त्या मोर्च्यांच्या घोषणा 'मागेल त्याला काम' अशा मोठ्या असत, पण तहसील कचेरीच्या पायरीवरची भांडणं नव्वद टक्के पोचेवरची. मी यावर सात-आठ लेख लिहिले. एका संपादकांनी तर 'तुमचं हे पोचपुराण आता पुरे' असा शेरा मारून लेख परत पाठवला. माझ्या दृष्टीने ते पुराणच होतं, आहे.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. १९८८मध्ये किमान वेतन वाढलं, रोजगार हमीची मजुरीही वाढली, आणि सरकारने हात आखडता घेतला. १९९०मध्ये फळबाग लागवड या योजनेला जोडली. सांगोला, आटपाडीच्या माळावर डाळिंबं आली, बोरं आली. मी ती खाल्ली आहेत, तक्रार करणार नाही. पण बाग लावायला जमीन लागते, आणि ज्याच्याकडे ती नव्हती तो योजनेच्या मध्यातून हळूच कडेला सरकला. नीलकंठ रथ मजुरीच्या कामांच्या बाजूने बोलत राहिले. त्यांच्या लेखावर आम्ही पुण्यात एकदा रात्रभर वाद घातला होता, कोण कुठल्या बाजूला होतं ते आता आठवत नाही. २००५ साली दिल्लीने राष्ट्रीय कायदा केला. त्यातही पंधरा दिवस होते, पोच होती, भत्ता होता. सगळं विसापूरच्या रस्त्यानेच गेलेलं. त्या वेळी झालेल्या समारंभी भाषणांत मी पाग्यांचं नाव शोधत राहिलो.

पागे १९९०च्या मार्चमध्ये गेले. आजचे नेते कायद्याच्या भानगडीत पडत नाहीत. कायदा केला की लोक हक्काने मागतात. त्यापेक्षा खात्यात थेट पैसे टाकावेत, वर फोटो लावावा. घेणारा हात जोडतो. शंभर आमदारांत विधेयक कलमागणिक वाचणारे पाच निघाले तर मी पेढे वाटीन.

काही वर्षांपूर्वी त्या जुन्या पाझर तलावाकडे गेलो होतो. गाळाने अर्धा भरलाय, बांध मात्र जागच्या जागी. गावात एक म्हातारी भेटली, त्या मस्टरवरची. तिने मला ओळखलं नाही, मी तिला ओळखलं ते नाव सांगितल्यावर. बोलता बोलता ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून फडक्यात बांधलेले कागद घेऊन आली. रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि त्यांच्यामध्ये चार घड्या पडलेली एक पोच. कामाच्या मागणीची. शिक्का पुसट, तारीख १९८६ची. काम मिळालं होतं का, विचारलं. "न्हाई. भांडून भांडून पोच तेवढी घेतली. मग पाऊस पडला."

मग तिने घड्या परत घातल्या आणि म्हणाली, "दादा, तुमी शिकल्यालं हाय म्हनून इचारती. ही अजून चालंल का?"