हॅसलब्लाड अडकला? आधी जोर लावणं थांबवा!

१९५७ साली आलेल्या स्वीडनच्या हॅसलब्लाड ५००सी कॅमेऱ्याचं शटर बॉडीत नाही, लेन्समध्ये असतं. नॉब फिरवला की माउंटमधला छोटा दांडा लेन्सच्या खाचेत फिरतो आणि शटर ताणलं जातं. साधी, देखणी व्यवस्था. पण रुसली की कॅमेरा ठप्प!

बहुतेकदा गडबड होते ती लेन्स बदलताना. बॉडी आणि लेन्स दोन्ही ताणलेली हवीत: दांडा आणि खाच लाल ठिपक्याच्या रेषेत आली की समजावं, जमलं. एक्स्टेन्शन ट्यूब असेल तर आधी ट्यूब बॉडीवर, मग लेन्स. काढताना आधी लेन्स.

तरीही अडकलाच तर जाणकार डार्क स्लाइड घालून फिल्म मॅगझीन काढतात, मागची झडप हलकेच ढकलतात आणि लांब स्क्रू ड्रायव्हरने दांड्याची खाच घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ‘खट्’ होईपर्यंत फिरवतात. हात मात्र सोनाराचा हवा. स्क्रू ड्रायव्हर घसरला तर लेन्सच्या मागच्या काचेवर कायमचा ओरखडा!

माउंटवर तेल सोडण्याचा मोह टाळावा, ते शटरच्या पात्यांपर्यंत झिरपू शकतं. धूळ ब्लोअरने उडवावी, आणि कपाटातल्या लेन्सचं शटर अधूनमधून सगळ्या वेगांवर चालवून पाहावं.