परदेशगामी वैमानिकाची भाषा

महाराष्ट्रात गोरेगाव या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. मुंबईच्या उपनगरातील गोरेगाव सर्वांस ठाऊक असते. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात एक आहे, गोंदिया जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच आहे, आणि हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातही एक गोरेगाव आहे. या शेवटच्या गावचा एक तरुण गतवर्षी आमच्या विभागात आला होता. दहावीपर्यंतचे त्याचे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. व्यावसायिक वैमानिक व्हावे आणि पुढे आखाती देशांत नोकरी धरावी, असा त्याचा मनोदय होता. शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि त्यासाठी वडील जमीन काढावयास निघाले होते. "सर, जमीन गेल्यावर कळायला नको. माझं इंग्रजी पुरेल का, ते आधी सांगा," असे तो म्हणाला.

प्रश्न वरवर पाहता शिकवणी वर्गाचा आहे. परंतु विचार करू लागताच तो भाषाविज्ञानाचा ठरतो, म्हणून त्याचा ऊहापोह येथे करीत आहे.

प्रथम अनुज्ञप्तीची, म्हणजे लायसन्सची गोष्ट. १९४४ साली शिकागो येथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या वैमानिकाची अनुज्ञप्ती ही विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाने दिलेली किंवा ग्राह्य मानलेली असावी लागते. भारतात नोंदलेल्या विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही अक्षरे असतात, संयुक्त अरब अमिरातीच्या विमानावर 'ए६'. सारांश, अनुज्ञप्ती माणसाच्या नावाची असली तरी तिचा अधिकार विमानाच्या नोंदणीशी जखडलेला असतो. भारतीय वैमानिक परदेशी गेला की त्याला तेथील यंत्रणेपुढे नव्याने उभे राहावे लागते. युरोपात तर वरिष्ठ अनुज्ञप्तीसाठी १३ विषयांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. शिवाय २०० तासांच्या उड्डाणावर मिळालेली कोरी अनुज्ञप्ती घेऊन परदेशी नोकरी मिळणे दुर्घट असते. वरिष्ठ अनुज्ञप्तीस १,५०० तास लागतात, आणि परदेशी कंपन्या बहुधा अनुभवी माणूसच मागतात. २०१२ मध्ये किंगफिशर आणि २०१९ मध्ये जेट एअरवेज या कंपन्यांची उड्डाणे थांबल्यावर ज्यांना बाहेरची वाट धरता आली, ते असे अनुभवी लोक होते. नवशिक्याची आरंभीची काही वर्षे स्वदेशीच जावयाची, हे या तरुणास मी स्पष्टपणे सांगितले.

देश बदलला, परीक्षा बदलल्या, तरी एक अट मात्र सर्वत्र तीच राहते, ती भाषेची. या अटीमागे एक दारुण अपघात आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरले होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत त्या वैमानिकांचे अपुरे इंग्रजी हेही एक कारण नोंदले गेले. त्यानंतर १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या महासभेने याविषयी ठराव केला, २००३ मध्ये नियम झाले आणि मार्च २००८ पासून ते लागू झाले. या नियमांत सहा पातळ्या आहेत. उच्चार, रचना, शब्दसंपत्ती, ओघ, आकलन आणि संवाद अशी सहा अंगे तपासली जातात आणि सहांपैकी जे सर्वांत दुबळे असेल तीच उमेदवाराची पातळी धरली जाते. आंतरराष्ट्रीय उड्डाणास किमान चौथी पातळी हवी. पाच अंगांत उत्तम आणि एकात तिसरी, असा मनुष्य तिसऱ्याच पातळीवर राहतो. सरासरी काढण्याची आमची विद्यापीठीय सवय येथे चालत नाही.

आता ही भाषा कोणती? सामान्य इंग्रजी नव्हे. वैमानिक आणि नियंत्रक यांच्यातील नित्याचे बोलणे ठरीव शब्दांच्या एका आखीव प्रयुक्तीत होते, आणि ही प्रयुक्ती कोणाचीच मातृभाषा नाही. तिच्यातील वर्णसंज्ञा ठरविण्याच्या कामी माँट्रियल विद्यापीठातील भाषावैज्ञानिक झाँ-पॉल व्हिने यांनी संशोधन केले होते. निरनिराळ्या भाषकांना उच्चारता येतील आणि कानास एकमेकांपासून वेगळे वाटतील, असे शब्द निवडणे हे त्यांचे काम. आजचा तक्ता १ मार्च १९५६ पासून प्रचारात आला. गोरेगावकरांस सोयीचा असा नांदेडचा विमानतळ या तक्त्यात 'व्हिक्टर अल्फा नोव्हेंबर डेल्टा' असा उच्चारला जातो. चार गोरेगावांसारखा घोटाळा तेथे संभवत नाही.

उच्चारांची भीती आमच्या विद्यार्थ्यांस फार असते, पण ती बरीचशी अनाठायी आहे. 'थ्री'मधील इंग्रजी घर्षक वर्ण जगातील असंख्य भाषांत नाही. आपण त्याच्या जागी दन्त्य महाप्राण 'थ' घालतो. या प्रयुक्तीत मात्र त्या अंकाचा विहित उच्चार 'ट्री' असाच आहे, आणि हजाराचा 'टाउसंड'. शाळेत ज्यास चूक म्हटले गेले असते, तोच येथे नियम होय! खरी अडचण अन्यत्र आहे. प्रचलित मराठी बोलण्यात इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व अर्थभेदक राहिलेले नाही, त्यामुळे 'फिल' आणि 'फील' यांतील भेद आपल्या कानास सहजी जाणवत नाही. उच्चाराआधी कान घडवावा लागतो.

संख्यांचा प्रकार अधिक मनोरंजक आहे. आपण 'सत्तावीस' म्हणतो, म्हणजे सात आधी आणि वीस मागून. 'एकोणतीस'मध्ये तर नवाचा पत्ताच नाही, तिसाला एक कमी एवढेच आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस सात' अशी वाचनपद्धती सुचविल्यावर केवढा गदारोळ उठला होता, ते वाचकांस स्मरत असेल. आकाशात संख्या अंकशः वाचतात. मुंबईची मुख्य धावपट्टी 'टू सेव्हन', २९ म्हणजे 'टू नायनर'. ऐकलेले 'टू सेव्हन' मनात 'सत्तावीस' करून मग कागदावर उतरविणाऱ्यास अंकांची उलटापालट होण्याचा धोका राहतो. भाषांतर न करता अंक जसे ऐकले तसे लिहिण्याचा सराव हाच त्यावर उपाय, आणि तो घरबसल्या करता येतो.

परंतु सर्वांत खोल पाणी क्रियापदात आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर केएलएम आणि पॅन ॲम यांची विमाने धावपट्टीवर आदळून ५८३ माणसे दगावली. डच सहवैमानिकाच्या तोंडून 'वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ' अशा अर्थाचे शब्द निघाले. नियंत्रकास वाटले, विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे. वस्तुतः ते धावू लागले होते. डच भाषेत चालू क्रिया सांगण्यासाठी शब्दयोगी अव्यय आणि धातुरूप यांची जी रचना आहे, तिची छाया या इंग्रजी वाक्यावर पडली असावी, असे स्पष्टीकरण पुढे देण्यात आले. वाक्य इंग्रजी, पण हाडे डच.

आपली हाडे कोणती? कोणी हाक मारली की आपण बसल्या जागेवरून "आलो, आलो" म्हणतो. उंबरठ्याच्या आत असताना "निघालोच" म्हणतो. निघताना "जातो" न म्हणता "येतो" म्हणतो. भूतकाळाच्या रूपाने नजीकचा भविष्यकाळ सांगण्याची ही लकब जुनी आहे, पाणिनीनेही ३.३.१३१ व ३.३.१३२ या सूत्रांत वर्तमान आणि भूत यांच्या अशा सरकत्या प्रयोगांची दखल घेतली आहे. घरी तिने काही बिघडत नाही. पण धावपट्टी सोडण्याच्या बेतात असलेला मराठी मनुष्य घाईत या लकबीचे इंग्रजी करून 'सोडली' असे बोलला, तर मागून उतरणाऱ्या विमानाचे काय होईल, याची कल्पना करावी. असा अपघात माझ्या माहितीत नाही. संभव मात्र उघड आहे. टेनेरीफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारावा, एरवी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक घालण्यात आला.

'बरं' या शब्दाचेही असेच आहे. 'ऐकले' आणि 'करतो' हे दोन्ही अर्थ आपण त्यात कोंबतो. आकाशात पहिल्यास 'रॉजर', दुसऱ्यास 'विल्को', आणि महत्त्वाची सूचना तर शब्दशः परत म्हणून दाखवावी लागते.

मातृभाषा इंग्रजी असणारे यातून सुटले आहेत, असे कोणी समजू नये. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरनजीक एका अमेरिकी मालवाहू विमानास २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मिळाली. 'टू फोर झीरो झीरो' यातील पहिला 'टू' वैमानिकांस अंक न वाटता अव्यय वाटला, ते ४०० फुटांचे लक्ष्य धरून उतरू लागले आणि विमान डोंगरावर आदळले. चौघे गेले.

केवळ ठरीव वाक्ये घोकून चौथी पातळी मिळेल, हा दुसरा भ्रम. परिस्थिती ठरीव नसते तेव्हा साधे बोलणे यावे लागते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या एका विमानातील इंधन संपून ७३ माणसे मृत्यू पावली. वैमानिकांनी अग्रक्रम मागितला होता, इंधन संपत आल्याचेही सांगितले होते, पण आणीबाणी जाहीर करणारा नेमका शब्द उच्चारला नाही. थोरांपुढे गाऱ्हाणे आडवळणाने सांगण्याचे वळण ज्यास लागले आहे, त्याने हा प्रसंग विशेष ध्यानात ठेवावा. मराठवाड्यातील सभ्य घरांत ते वळण चांगलेच पक्के असते.

त्या तरुणास मी दोन गोष्टी सुचविल्या. जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, कारण तेथे अडले तर पुढचे सर्व व्यर्थ. दुसरे, रोज अर्धा तास कोणीतरी अंक आणि सूचना वाचाव्यात, त्याने त्या परत म्हणाव्यात आणि ते सर्व ध्वनिमुद्रित करून ऐकावे. वाचण्याचे काम त्याच्या धाकट्या बहिणीने पत्करले आहे. पहिल्या महिन्याची मुद्रणे त्याने विभागाकडे धाडली. त्यांत 'थ' कोठेही अडलेला नाही, अंकांची उलटापालट तीन ठिकाणी आहे, आणि सूचना परत म्हणण्याऐवजी नुसते "येस, येस" एकवीस वेळा आले आहे.