मॉरिशसला जाताना

श्रोतेहो, हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस असलेल्या मॉरिशस बेटावर आपल्याकडील प्रवासी उतरतो, तेव्हा त्याला प्रथम परकेपणा जाणवतच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे मळे दिसतात, वाहने डाव्या बाजूने धावतात, नाण्याला रुपया म्हणतात, गाडीवर गरम डाळपुरी मिळते आणि गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. ही ओळख खरी आहे. परंतु तिच्यावर विसंबून सारे काही घरच्यासारखेच असेल असे मानणारा प्रवासी अडचणीत येतो. म्हणून तेथे काय वेगळे आहे, ते आज पाहू.

आधी या ओळखीचे कारण. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांत रत्नागिरी आणि भोवतालच्या कोकणातील मराठी माणसेही होती. राजधानी पोर्ट लुई येथील ज्या ठिकाणी हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मात्र त्या मजुरांच्या वंशजांना मराठी सहज बोलता येईल, ही अपेक्षा धरू नये. तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते, पण बहुतेकांची रोजची भाषा क्रिओल आहे. १८१० साली बेट फ्रेंचांकडून ब्रिटिशांकडे गेले, तेव्हा रहिवाशांची भाषा, कायदे व चालीरीती कायम ठेवण्याचे मान्य झाले. त्यामुळे संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रांत बहुधा फ्रेंच आणि बाजारात क्रिओल, अशी वाटणी आजही दिसते. दुकानात शिरताच ‘बोंझूर’ म्हणावे. तो तेथील शिष्टाचार आहे.

दुसरी गोष्ट ऋतूंची. हे बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर आहे. आपला पावसाळा तो तेथील हिवाळा, आणि आपला नाताळ तो तेथील भर उन्हाळा. मे ते ऑक्टोबर हवा थंड व कोरडी असते. तरीही क्यूरपीपसारख्या पठारावरील गावी अंगात स्वेटर लागतो. याच काळात आग्नेयेकडून वारा वाहतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर वारा अधिक, तर पश्चिम व उत्तर किनारा त्या मानाने शांत असतो. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे ठेवावे.

जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. फेब्रुवारी १९६० मधील ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली. त्यानंतर तेथे सिमेंट-काँक्रीटची घरे बांधण्याकडे लोकांचा कल वळला. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. वादळाचे इशारे चढत्या क्रमांकांनी दिले जातात. इशारा निघाला की सहलीचा बेत सोडून द्यावा, निवासस्थानीच राहावे आणि विमानाची वेळ पुन्हा विचारून घ्यावी.

तिसरी गोष्ट समुद्राची. बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळाचा बांध आहे. त्याच्या आत पाणी उथळ व संथ असते. बाहेर मात्र खोल महासागर आहे. बांधात जेथे खिंड असते तेथे पाण्याचा ओघ पोहणाऱ्याला बाहेर ओढतो. दक्षिणेस सुइयाकजवळच्या ग्री-ग्री येथे तर हा बांधच तुटलेला आहे. तेथे लाटांची शोभा काठावरूनच पाहावी. उथळ पाण्यातही रबरी तळव्याचे जोडे घालूनच पाय टाकावा, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा तळाशी निश्चल पडून असतो. त्याचा काटा रुतल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी दूरध्वनीचा क्रमांक ११४ आहे.

हा प्रवाळ सजीव आहे. आठवण म्हणून त्याचा तुकडा तोडणे हा तेथे गुन्हा ठरतो. जुलै २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ नावाचे जहाज आग्नेय किनाऱ्याजवळील प्रवाळावर रुतले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे एक हजार टन तेल सांडले. तेव्हा गावकऱ्यांनी उसाचे पाचट भरून तरंगते बांध शिवले. ज्या समुद्रावर आपले पोट आहे, त्याच्यासाठी त्यांनी केलेली ही धडपड होती.

आता सामानाविषयी. भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. पण परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. निघण्यापूर्वी नियम पुन्हा पाहून घ्यावेत. आपला रुपया तेथील रुपयाहून वेगळा आहे, हे विसरू नये. विजेच्या खोबणीला तीन चौकोनी पिना लागतात, म्हणून जोडणी सोबत घ्यावी.

औषधांच्या बाबतीत विशेष सावध असावे. आपल्याकडे मिळणारी कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, तसेच काही वेदनाशामके व झोपेच्या गोळ्या तेथे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवश्यक ती पूर्वपरवानगी यांवाचून ती नेऊ नयेत. नातलगांसाठी हापूस आंबे, रोपे वा बियाणेही परवान्याशिवाय नेता येत नाहीत. हे नियम जाचक वाटतील. पण याच बेटावरील डोडो पक्षी सतराव्या शतकात नष्ट झाला, आणि त्याला खलाशांच्या शिकारीइतकेच त्यांच्या जहाजांतून आलेले उंदीर, डुकरे व माकडे कारणीभूत झाली. बाहेरून आलेला एखादा किडाही लहानशा बेटाला केवढा महाग पडू शकतो, हे तेथील लोक जाणतात.

तेव्हा श्रोतेहो, मॉरिशसला अवश्य जावे, तेथील डाळपुरी खावी, आप्रवासी घाटाच्या पायऱ्या पाहाव्यात. परंतु आपण तेथे पाहुणे आहोत, हे ध्यानी ठेवून घरच्यांच्या रीतीने वागावे.