हुलाचे गुरुबंधू

हवाईत हुला हा नाच शिकवणाऱ्या अनेक परंपरागत शाळांत सरळ आत शिरता येत नाही. विद्यार्थी दाराबाहेर उभे राहतात आणि एका सुरात आत येण्याची परवानगी मागणारं स्तवन म्हणतात. आत ‘कुमू’, म्हणजे गुरू, ऐकत असतात. कुणी पुढे पळालं, कुणाचा आवाज वेगळा पडला, तर आतून उत्तर येत नाही. पुन्हा पहिल्यापासून! शेजारच्याचा श्वास कुठे संपतो हे कळेपर्यंत दार बंदच. पहिलं पाऊल टाकण्याआधीचा हा धडा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

शाळेला म्हणतात ‘हालाउ’. एकाच कुमूकडे शिकणारे एकमेकांचे हुला-भाऊ, हुला-बहिणी होतात. आपल्या गाण्यातल्या गुरुबंधू-गुरुभगिनींचंच हे नातं. ते जुळतं मेहनतीतून. ‘काहिको’ या जुन्या शैलीत गुडघे वाकलेलेच ठेवायचे. मांड्या भरून येतात. कुमू जमिनीवर बसून ‘इपू’ वाजवतात. हे वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं वाद्य. जमिनीवर आपटलं की ‘ऊ’, बोटांनी थापलं की ‘ते’. तबल्यासारखे याचेही बोल आहेत.

नाचाइतकाच वेळ फुलापानांत जातो. अंगावरचे हार विद्यार्थीच गुंफतात. रानात जाऊन, आधी परवानगी मागून, लागेल तेवढीच पानं खुडायची आणि मग मांडीला मांडी लावून बसायचं. नवख्याच्या हारात पीळ सैल पडला की जुनी मुलगी तो न बोलता घट्ट करून देते.

ही विद्या सहज टिकलेली नाही. १८३० साली राणी काआहुमानूंनी हुलाच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. घराघरांत ती जपली गेली, आणि राजा कालाकाउआंनी १८८३ च्या आपल्या राज्याभिषेकात तिला पुन्हा चारचौघांत मानाने उभं केलं. हिलो गावातला ‘मेरी मोनार्क’ महोत्सव त्यांच्याच टोपणनावाने ओळखला जातो. तिथे १९७१ पासून हुलाच्या स्पर्धा होतात. पुरुषांची स्पर्धा १९७६ मध्ये सुरू झाली.

ती पहिली स्पर्धा जिंकली रॉबर्ट काझिमेरोंच्या ‘हालाउ ना कामालेई’ने. त्यांची शाळा जेमतेम वर्षभराची होती. २००५ साली, तिसाव्या वर्षी, हाच हालाउ पुन्हा हिलोच्या मंचावर उतरला आणि पुन्हा जिंकला.