तेलरंगाची धुळाक्षरे

तेलरंग वाळतो म्हणजे त्यातले तेल उडून जाते, अशी माझी चाळिशी उलटेपर्यंत समजूत होती. आमच्याच कॉलेजातल्या चित्रकलेच्या वर्गात संध्याकाळी जाऊन बसू लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ती मोडली. उडून जाते ते टर्पेंटाइन. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. वरवर सुकायलाच त्याला दिवस लागतात, आतून वाळायला महिने.

सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे! कॅनव्हासला आधी सरस, मग पांढरे अस्तर. त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तपकिरी रंगात छायाप्रकाश मांडायचा. पुढचा प्रत्येक थर आधीच्याहून अधिक तेलकट हवा. उलट केले की वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात.

हे मला तोंडपाठ होते. विद्यार्थ्यांनाही तोंडपाठच असते म्हणा! रावबहादूर धुरंधर १८९० ते १९३१ अशी एकेचाळीस वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत होते; मी एकेचाळीस संध्याकाळींत आईचे चित्र रंगवायला निघालो. तिच्या वर्षश्राद्धाच्या आत ते व्हायला हवे होते. तेलकट थर ओला असतानाच, लवकर वाळावा म्हणून, वर टर्पेंटाइनचा रंग फासला.

श्राद्धाला चित्र भिंतीवर लागले. दिवाळीच्या आत उजव्या गालावर तडे!

“सर, खरवडून पुन्हा करा,” वर्गातली माझीच एक विद्यार्थिनी म्हणाली. गाल खरवडला, हनुवटी खरवडली. डोळे तेवढे जमले आहेत. तिथे सुरी लावलेली नाही.