इंग्रजी शब्दांतील लेकरे आणि पिल्ले

इंग्रजीच्या तासाला अनेकवचनांचा पाठ आला, की एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'बुक'चे 'बुक्स' होते, तर 'चाइल्ड'चे 'चिल्ड्रन' का? या प्रश्नाचे उत्तर सुमारे एक हजार वर्षे मागे जाते. प्राचीन इंग्रजीतील 'चिल्ड' या शब्दाचे एक अनेकवचन 'चिल्ड्रू' असे होते. पुढे त्याचे 'चिल्डर' झाले. कालांतराने त्यातील अनेकवचन जाणवेनासे झाले, तेव्हा 'ऑक्स'च्या 'ऑक्सन'प्रमाणे त्यालाही 'न' जोडण्यात आला. अशा रीतीने इंग्रजीत लेकरांच्या वाट्याला दुहेरी अनेकवचन आले. शब्दांच्या मुळाशी गेल्यास समाज आपल्या लहानग्यांकडे कसा पाहत होता, हेही उमगते.

प्रथम पिल्लांचे शब्द पाहू. गुरेढोरे सांभाळणारा समाज प्रत्येक पिल्लाला नेमके नाव देतो. आपल्याकडे गाईचे वासरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू. तसेच इंग्रजीत 'काफ', 'किड', 'लँब' आणि 'फोल'. अद्याप न व्यालेली कालवड म्हणजे 'हेफर' आणि अंड्यावर येऊ घातलेली तलंग म्हणजे 'पुलेट'. इ. स. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली आणि शिकारीचे व मेजवानीचे शब्द तिच्यातून आले. 'पुलेट' त्यांपैकीच. रानसशाचे पिल्लू 'लेव्हरेट' व राजहंसाचे 'सिग्नेट' हेही त्याच वाटेने आले. शिकारीसाठी घरट्यातून उचललेल्या ससाण्याच्या पिल्लाला 'नायस' म्हणत. 'अ नायस' हे बोलता बोलता 'अन आयस' असे तुटले आणि 'आयस' हा नवाच शब्द जन्मला.

काही वेळा पिल्लाचे नाव पुढे मोठ्यांनीच घेतले. 'बर्ड' म्हणजे मुळात पक्ष्याचे पिल्लू, 'पिग' म्हणजे डुकराचे पिल्लू आणि 'बुलक' म्हणजे गोऱ्हा. सॅमन माशाला तर वयाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळे नाव आहे. नदीत वाढतो तेव्हा तो 'पार', अंगावर चंदेरी झळाळी येऊन समुद्राकडे निघतो तेव्हा 'स्मोल्ट' आणि समुद्रात एक हिवाळा काढून जन्मनदीकडे परततो तेव्हा 'ग्रिल्स'.

माणसांच्या मुलांसाठीचे शब्द मात्र इतके निर्मळ राहिले नाहीत. 'गर्ल' हा शब्द मध्ययुगात मुलगा व मुलगी दोघांनाही चालत असे. 'नेव्ह' म्हणजे मुळात केवळ मुलगा; त्याचाच भाऊबंद असलेला जर्मन 'क्नाबे' आजही मुलगाच आहे. इंग्रजीत मात्र मुलाचा चाकर झाला आणि चाकराचा लबाड. श्रीमंतांनी आपल्या चाकरांविषयी जे मत बाळगले, ते शब्दाला चिकटले. पत्त्यांतील ज्या पानाला आपण 'गुलाम' म्हणतो, त्याला इंग्रजीत 'नेव्ह' म्हणत. 'बॉय' या शब्दाच्या जुन्या वापरातही चाकराचा अर्थ ठळक आहे आणि साहेबी राजवटीत पिकल्या केसांच्या नोकरालाही 'बॉय' अशीच हाक मारली जाई. आपला 'पोऱ्या' याहून फार वेगळा नाही. ज्याला मोठे होऊ द्यायचे नसते, त्याला जन्मभर पोर म्हणण्याची रीत अनेक समाजांत आढळते.

'-लिंग' या प्रत्ययाचेही तसेच आहे. 'डकलिंग' म्हणजे बदकाचे पिल्लू आणि 'डार्लिंग' म्हणजे लाडके. पण 'अंडरलिंग' म्हणजे हाताखालचा क्षुद्र माणूस. प्रत्यय एकच, परंतु त्यात माया भरायची की तुच्छता, हे बोलणारा ठरवितो.

शिक्षणाच्या क्षेत्रातील शब्दांनी मात्र मायेची बाजू जपली आहे. 'प्युपिल' म्हणजे विद्यार्थी, हे आपण जाणतो. ज्या लॅटिन शब्दावरून तो आला, त्याचा रोमन कायद्यातील अर्थ वडील नसलेले, पालकाच्या संरक्षणाखालील अल्पवयीन मूल असा होता आणि त्या पालकाला म्हणत 'ट्यूटर'. म्हणजे ट्यूटर हा आधी रक्षणकर्ता, मग शिक्षक. डोळ्यातील 'प्युपिल' हा शब्दही याच कुळातील. समोरच्याच्या डोळ्यात आपले इवलेसे प्रतिबिंब दिसते, म्हणून लॅटिनमध्ये तिला 'छोटी बाहुली' म्हटले गेले. मराठीतही ती डोळ्यातील बाहुलीच आहे.

'अ‍ॅलम्नस' हा शब्द आपण माजी विद्यार्थ्यासाठी वापरतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पोसलेले मूल असा आहे. 'पोसणे' या अर्थाच्या ज्या धातूपासून तो आला, त्याच धातूच्या कुळात 'अ‍ॅडोलेसंट' म्हणजे वाढत असलेला आणि 'अ‍ॅडल्ट' म्हणजे वाढून पूर्ण झालेला हे शब्दही आहेत. या तिन्ही शब्दांत जन्म कोठे झाला, याची विचारणा नाही. वाढ झाली, एवढीच नोंद आहे.

ज्यांनी लहानपणीच घर सोडून वसतिगृहातील पंगतीत पहिले ताट घेतले, त्यांना या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या फलकावर तो शब्द वाचताना एवढे आठवावे, की त्यात आपल्या पदवीचा वा हुद्द्याचा उल्लेख नाही. आपल्याला कोणीतरी पोसले, हेच त्यात लिहिलेले आहे.